पाच शॉर्टस्टॉप

कोच ओनो-सानांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "आपापल्या जागी जा. आज जो जिथे उभा राहील, स्पर्धेपर्यंत ती जागा त्याची."

पोरं सुसाट पळाली. नदीकाठच्या त्या बेसबॉलच्या मैदानावर हा धुरळा उडाला. तो खाली बसला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या जागी, पाच जण एकामागे एक उभे होते, आणि पार लांब, गवताच्या कडेला, राइट फील्डला चिटपाखरू नव्हतं.

"पुन्हा पाच!" रविकांतच्या शेजारी पेले मांडणाऱ्या मोरी-सान हळूच म्हणाल्या. त्यांचा केन्ता त्या पाचांत सगळ्यात पुढे होता. चौथी, टोपीखालून वेणी लोंबणारी, ती रविकांतची नुपूर.

आज टीमला चहा द्यायची पाळी रविकांतच्या घराची. बायको जयमाला रविवारच्या पार्टटाइम नोकरीवर, म्हणून इतक्या आयांमध्ये हा एकटा बाप, गार बार्ली-चहाचं पिंप सांभाळत बसलेला. शॉर्टस्टॉप म्हणजे काय ते त्याने पुण्याला वडिलांना फोनवर समजावलं होतं: "बाबा, आपल्या क्रिकेटमधल्या पॉइंटसारखं. जोरात मारलेला प्रत्येक बॉल तिथेच येणार." इतर टीमवाले असा एक खेळाडू मिळावा म्हणून जंग जंग पछाडतात. इथे पाच, आणि एकापेक्षा एक! राइट फील्डला मात्र लहान मुलांच्या मॅचमध्ये बॉल जातच नाही. तिथे उभं राहून खुशाल चतुर मोजावेत.

आणि नुपूरची ही शेवटची स्पर्धा. सहावी संपली की ही टीम संपली. पुढच्या शाळेतली टीम मुलांची, तिथे हिला कोण घेतंय? पाचांत हात हिचाच सगळ्यात चांगला. हे बापाचं कौतुक नव्हे बरं का, ओनो-सान स्वतः म्हणाले होते, मागच्याच रविवारी.

ओनो-सान आता दोन्ही हात पाठीमागे बांधून राइट फील्डकडे बघत उभे होते. अहो, बोला की! नाव घेऊन सांगा एकाला, हो तिकडे म्हणून! पण छे. इथे जपानात अशा वेळी कोणी कोणाला सांगत नाही. ज्याचं त्याने ओळखायचं.

केन्ता ढिम्म हलला नाही. त्याच्या मागचा बुटाची नाडी बांधायला बसला. तिसरा आकाशात बघत होता. शेवटचा तर नुपूरच्या पाठीआड लपलाच.

नुपूरने मान वळवून ते रिकामं गवत पाहिलं.

मान वळवायची ही तऱ्हा रविकांतला पाठ होती. लिफ्टमध्ये कोणी शिरलं की ती अशीच वळायची, आणि पोरगी कोपऱ्यात सरकायची. ट्रेनमध्ये कोणी नुसतं बघितलं तरी बॅग मांडीवर घ्यायची. तिला चालता येऊ लागल्यापासून त्यानेच कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं: बाजूला हो, लोकांना आधी जाऊ दे, आपल्यामुळे कोणाला त्रास नको, आपण इथे बाहेरचे.

नुपूर, हलू नकोस! अगदी ओठांवर आलं होतं. मराठीत ओरडला असता तर कोणाला कळणार होतं? पण मैदानात पोरं असताना आईबापांनी आवाज काढायचा नाही, अशी इथली पद्धत. सगळ्या आया गप्प बसलेल्या. त्यांच्यात आपणच एक बोंबलायचं? त्याने पिंपाची तोटी घट्ट धरली आणि शब्द गिळला.

नुपूरने टोपी काढली, कोचना वाकून नमस्कार केला, आणि राइट फील्डकडे धावत सुटली.

ओनो-सानांनी लगेच बॅट उचलली. जणू एवढ्यासाठीच सगळं थांबलं होतं.

"नुपूर-चान किती समजूतदार आहे हो," मोरी-सान वाकून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, अगदी मनापासून. "तुमच्या घरचं वळणच तसं."

सवयीने रविकांतही वाकला. थँक्यूसुद्धा म्हणाला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

बॉल शॉर्टस्टॉपला जात होते, एकामागून एक. केन्ताच्या हातून एक निसटला. लांब गवतात नुपूर दोन पावलं पुढे धावली आणि थांबली. मग तोंडापाशी हात धरून तिने केन्ताला जोरात ओरडून धीर दिला. पुढचा बॉल आला तेव्हाही ती दोन पावलं धावली. राइट फील्डला काही आलं नाही.

सुट्टी झाली तशी ती सगळ्यांत आधी पळत आली. चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते.

"बाबा, मी पटकन गेले ना? माझ्यामुळे कोणाला थांबायला नाही लागलं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. अगं वेडे, ती जागा तुझी होती. हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

"शहाणी माझी बाय ती," रविकांत म्हणाला, आणि तिच्यासाठी पेला भरायला घेतला.

तेवढ्यात मागून ते चौघे दंगा करत आले. नुपूरने मान वळवून पाहिलं आणि पिंपासमोरून बाजूला झाली.

"त्यांना दे आधी," ती म्हणाली.