चुन्याची रेघ

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत लोडर चालवायची परीक्षा होती. परीक्षा घेणाऱ्या इब्राहीमभाऊंनी मोकळ्या जमिनीवर चुन्याची सरळ रेघ आखली होती. रेघेवरून जायचं, पलीकडची माती बकेटमध्ये भरायची आणि परत यायचं.

पहिला नंबर कॅन्टीनमध्ये चहा करणाऱ्या वच्छलाचा. तिने अर्ध्यातच रेघ सोडली, मोठा वळसा घेतला आणि भरलेली बकेट घेऊन त्याच वळशाने परत आली.

"नापास," इब्राहीमभाऊ म्हणाले. "रेघ काऊन सोडली?"

"समोरची जमीन फसवी हाये, भाऊ."

"अवं बाई, ही चेनवाली मशीन हाये. टायर फसते, चेन फसत नाई."

दुसरा उमेदवार रेघेवरून नाकासमोर गेला. अर्ध्या वाटेत अठरा टनांचा लोडर कॅबिनपर्यंत चिखलात बसला.

इब्राहीमभाऊंनी चुन्याचं घमेलं उचललं आणि वच्छलाच्या चेनच्या खुणांवरून नवी रेघ ओढली. मग विचारलं, "वरून तर कोरडी दिसते. तुले कसं समजलं?"

"जमीन खाणीत जायच्या आधी हे आमचंच वावर होतं," वच्छला म्हणाली. "आमचे बैल बी इथी वळसा घेत होते."