वुयिसाला न्यायला

साहेब, तुमच्या हॉटेलसाठी समुद्राला कुंपण घालून तुम्ही एका मेलेल्या माणसाला कोंडलंत. गेल्या वर्षी सहलीला आलेल्या चौघा दोस्तांनी इथल्या कड्यावरून उड्या मारल्या; त्यातला वुयिसा वर आलाच नाही. मढं मिळालं, पुरलं. पण आम्हा खोसा जमातीच्या लोकांना आत्मा मरणाच्या जागेवरूनच हाक मारून, काटेरी फांदीवर बसवून घरी न्यावा लागतो. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी तोंड लपवलं. तिसरा, मोंदे, एकटाच फांदी घेऊन आला. "आत फक्त हॉटेलचे पाहुणे, दादा," रखवालदार म्हणाला. "माझी नोकरी खाऊ नकोस." आत पाहुणे दोर बांधून खिदळत उड्या मारत होते. मोंदेने तारेतून फांदी घालून हाका मारल्या, पण लांबची हाक पोचत नाही. परतीच्या गाडीत चालकाने फांदी पाहून शेजारची सीट पुसली. "दोस्ताला खिडकीपाशी बसव, भावा." फांदी रिकामी आहे हे त्याला कोणी सांगायचं? बोला, साहेब!