मूठभर मीठ

आंबेनळी घाटाखालच्या वाडीतल्या दवाखान्यात परदेशातून नर्सिंगच्या विद्यार्थिनी मदतीला आल्या होत्या. त्यातल्या क्लाराने म्हाताऱ्या चंद्रभागेचं बीपी मोजलं आणि डॉक्टर विनीताताईंकरवी तिला बजावलं, "आजपासून मीठ बंद."

दोन दिवसांनी क्लाराच उलट्यांनी आडवी झाली. बघते तर म्हातारी दारात उभी, आणि मुठीत मीठ. सांगितलेलं हिला कळलंच नाही की काय? की ही नुसतं मीठ खाते? क्लारा उशीवरून मान उचलून बघत राहिली.

चंद्रभागेने ती मूठ क्लाराच्या डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवली आणि दवाखान्यामागच्या चुलीत टाकली. मीठ ताडताड उडालं.

"केवढी दृष्ट लागलीवती पोरीला," ती विनीताताईंना म्हणाली. "आन् सांगा तिला, मीठ माझं बंद हाय. तिचं नाय."