रिकाम्या पोटी

दोन्ही गोळ्या तिच्या मुठीतच राहिल्या. गिळणार तेवढ्यात नवरा सासूबाईंच्या खोलीत आला.

"आवरलं का आईचं? मी गाडी काढतो. उशीर झाला तर नंबर जाईल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले तर तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. परवा गॅस तसाच चालू, काल नळ. आपण दोघं दिवसभर कामावर. घरी एकटीला कसं सोडायचं?"

"ऐकू येतं रे मला," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "विसरते मी. बहिरी नाही झालेय."

तो ओशाळून हसला. जाता जाता दारातून म्हणाला, "आणि मागे दोघी एका बाजूला बसू नका. टायर बसेल." त्याची ही नेहमीची थट्टा. मनात काही नसायचं त्याच्या.

सुनेने मूठ आणखी घट्ट केली. आत एक गोळी तिची होती आणि एक सासूबाईंची. दोघींनाही थायरॉइड, दोघींच्या बाटल्या एकाच खणात, गोळ्याही सारख्याच, मसुराच्या दाण्याएवढ्या. सासूबाईंना बारीक दिसत नाही, म्हणून पहाटे रिकाम्या पोटी त्यांना गोळी द्यायचं काम तिचं. गेले दोन महिने ती त्यांना नुसतं पाणी देत होती. सासूबाई अर्धवट झोपेत पाणी पीत आणि विचारत, "गोळी गं?" ती म्हणे, "घेतलीत की आई, आत्ताच."

स्वतःच्या बाटलीतून दोन घेतल्या असत्या तर बाटली लवकर रिकामी झाली असती. औषधं नवराच आणायचा, त्याने विचारलं असतं.

तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, साखर सोडली होती, गच्चीवर चालून चालून टाचा दुखवून घेतल्या होत्या. काटा जागचा हलत नव्हता. गोळीने वजन उतरत नसतं, शरीर जागेवर येतं, धीर धरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. धीरच तर धरत होती ती. मग एकदा बसमध्ये एका मुलीने उठून तिला जागा दिली. "बसा ना ताई. कितवा?" आणि नाही म्हणायचीही लाज वाटून ती पोटावर पर्स धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पहिल्यांदा दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या.

वजन उतरलं नाही. झोप तेवढी गेली. हात कापायला लागले आणि छाती अशी धडधडायची, की शेजारी झोपलेल्या माणसाला कसं ऐकू येत नाही, असं तिला वाटायचं.

"स्वेटर दे गं," सासूबाई म्हणाल्या. "गारठल्यासारखं होतंय."

बाहेर उकडत होतं. एका मुठीत गोळ्या तशाच धरून तिने कसाबसा त्यांना स्वेटर चढवला आणि बटणं लावायला खाली वाकली. खालची दोन लागली. तिसरं बटण काजापर्यंत पोचेना. तिने पोटाशी कापड ओढून पाहिलं. गेल्या हिवाळ्यात हाच स्वेटर त्यांच्या अंगावर नुसता लोंबत होता. तिने मान वर केली. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगवटे. जे तिच्या अंगावरून उतरत नव्हतं, ते इथे येऊन चढलं होतं.

"डॉक्टर वार विचारतात म्हणे," सासूबाई सांगत होत्या. शब्द हळू, जड जिभेने येत होते. "नोकरी सुटल्यापासून मला मेले सगळे रविवारच. पण आज गुरुवार. पाठ केलाय. गोळीचं विचारलं तर सांगेन, सून स्वतःच्या हाताने देते. फक्त..."

"फक्त काय, आई?"

"मला आपलं रोज वाटतं, गोळी घ्यायची राहिली. जिभेला चवच लागलेली नसते. पण तू समोर असतेस, तू म्हणतेस घेतली. म्हणजे माझंच डोकं ना? न झालेलं आठवतं मला." त्यांनी तिच्या दंडाला धरलं. "मला तिथे ठेवू देऊ नकोस गं. मी गॅसला हात लावणार नाही. बसून राहीन एका जागी."

खाली हॉर्न वाजला.

तिने मूठ उघडली. गोळ्या घामाने ओलसर होऊन तळहाताला चिकटल्या होत्या. एक तिने नखाने सोडवली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"अगं, घेतली ना मघाशी?"

"नाही घेतली, आई. कालही नाही. परवाही नाही. तुम्हाला बरोबर आठवतंय."

सासूबाई तिच्या तळहाताकडे बघत राहिल्या. त्यावर अजून एक गोळी उरली होती.

"आणि गॅस?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एवढी आशा तिने कधी ऐकली नव्हती.

"तोही माझ्यामुळेच. गोळी नसली की असं विसरायला होतं."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. सासूबाईंनी गोळी जिभेवर ठेवली. सावकाश पाणी प्यायल्या. मग तिच्या दंडावरचा हात काढून घेतला, तोंड मोठं उघडलं आणि जीभ वर करून तिला दाखवली.

"बघून घे नीट," त्या म्हणाल्या. "आज घेतली."