देवाची मूठ

पिंपाच्या तळाला मापटं खरकन घासलं आणि अंकितानं दचकून मागं पाहिलं. सासू दारातच उभी होती.

"काय गं, पत्रा कशाला खरवडतीस?"

"मुंगळा होता, आत्याबाई."

"मुंगळ्याला बी आपलंच घर गावलं व्हय?" सोजरबाईनं पिंपात न डोकावताच खांद्यापर्यंत हात घातला. मूठभर ज्वारी काढली, अंगठ्यानं घट्ट दाबली आणि कोनाड्यातल्या डब्यात सोडली.

लग्नाआधी मैंदर्गीच्या रानात विळा लागून त्या अंगठ्याला मधोमध आडवी चीर पडली होती. ती कधी भरून आली नाही. रेशनच्या दुकानातलं मशीन तो अंगठा घेतच नसे, लाल दिवा लावून नुसतं ओरडायचं. "तुझ्या मशिनीला मी कळत न्हाय, देवाला कळते," असं दुकानदाराला सुनावून सोजरबाई घरी यायची. मग मुलाला, शमुवेलला, कामावरून आल्यावर रांगेत उभं राहावं लागायचं.

ही मूठ देवाची. चर्चमधल्या प्रत्येक बाईनं चूल पेटवायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेऊन ओतायचं. ते नडलेल्या घरांना जायचं. कुठल्या घरांना, ते फक्त पाळकांना ठाऊक. बायका विचारायच्या नाहीत असं नाही, पण पाळक सांगायचे नाहीत.

"शमुवेलच्या कारखान्यात काम निम्म्यावर आलं, त्याला दोन वर्सं झाली," डब्याचं झाकण दाबत सोजरबाई म्हणाली. "टावेल कोन घेत न्हाय म्हनं. पर आपलं पिंप कदी रिकामं पडलं? मूठ थांबली न्हाय म्हणून पिंप थांबलं न्हाय. विश्वास म्हंत्यात याला. फुकटचं खाणारी तोंडं येगळी असत्यात."

अंकिता खाली मान घालून चूल पुसत राहिली. गॅसची शेगडी होती, पण या घरात तिलाही चूलच म्हणत.

दोन वर्षांपूर्वी घरात दोन भाकरींचं पीठ उरलं होतं. त्या दुपारी ती चर्चच्या रिकाम्या बाकावर बसून रडली होती. कुणाजवळ बोलली नाही, फक्त देवाजवळ. उठली तर जुने पाळकसाहेब दारात उभे, हातात ज्वारीची पिशवी. "घेऊन जा बाई. दर महिन्याला नेत जा." तिनं तोंडही उघडलं नव्हतं. त्या दिवशी अंकिताचा देवावर खरा विश्वास बसला. तोवर ती नुसती चर्चला जात होती.

आणि त्या दिवसापासून ती भीत होती. सासू बाहेर बाजेवर पाठ करून बसलेली असताना ती घाईघाईनं पिशवी पिंपात रिकामी करायची. ज्वारीचा आवाज होऊ नये म्हणून हाताच्या आडोशानं ओतायची.

आता तर भीती दारात येऊन बसली होती. जुने पाळक निवृत्त झाले. नव्या, तरुण पाळकांनी मागच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितलं, "पुढच्या रविवारपासून धान्य घेणाऱ्या कुटुंबांची नावं वाचू. नाव घेऊन प्रार्थना करू. यात लाजायचं काय?"

त्यांचं काय जातंय! अंकिताला आठवडाभर घास गिळवला नाही. पिंप देवानं नाही, दुसऱ्यांच्या मुठींनी भरलं, हे चारचौघांत कळलं तर म्हातारी पुन्हा त्या चर्चची पायरी चढणार नव्हती. कदाचित देवाचं नावही घेणार नव्हती. या वयात तिच्याजवळ दुसरं होतं काय?

"ही मोठी पिशवी घे," चर्चला निघताना सोजरबाई म्हणाली. "येताना भाजी आन."

"एवढी मोठी, आत्याबाई?"

"दुहेरी शिवलीया मी. टांगून ठेवायला न्हाय शिवली. आन् उपासना सुटली की सतरंज्या उचलायला तू थांब. मी सृष्टीला घिऊन पुडं हुते. माजी गुडगी थांबत न्हाईत."

दर शेवटच्या रविवारी हेच. गुडघे थांबत नव्हते, पण सात रस्ता चौकापर्यंत नातीचा, सृष्टीचा, हात धरून चालायचे.

चर्चमध्ये सोजरबाई तिसऱ्या बाकावर बसली, डबा मांडीवर. शेजारणीची साडी बघून नाक मुरडून झालं. अंकिता बाजूच्या खोलीत शिरली. पाळक वही चाळत होते.

"साहेब, माझं नाव काढून टाका. आजपासून धान्य नको मला."

"घरी बरं चाललंय का आता?"

"नाही. पण नाव वाचू नका. माझ्या सासूचा विश्वास मोडेल. आम्ही उपाशी राहू एक वेळ, पण ते नको."

पाळकांनी पानावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. "ताई, तुमचं नाव यात कुठंच नाही."

"असं कसं? दोन वर्षं पिशवी मीच नेतेय."

"एक नोंद बिननावाची आहे. जुन्या साहेबांच्या हातची. कुणाची, ते मलाही कळलं नाही." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली.

बाहेर गीत सुरू झालं. सगळ्यांच्या वर सोजरबाईचा आवाज, नेहमीसारखा बेसूर.

अंकितानं वाचलं. तारीख दोन वर्षांपूर्वीची, ती बाकावर बसून रडली त्याच्या आदल्या दिवसाची. 'पिशवी सुनेच्या हाती द्यावी. तिला मागायला लावू नये.'

खाली सहीच्या जागी शाईचा अंगठा होता. मधोमध आडवी चीर पडलेला.