दाबाचा आकडा

“आवळा की अजून, डॉक्टर! मी काय काचेचा आहे?”

टेबलावर आडवे पडलेले हंटरसर हसले. पट्टा आवळणारी थोरलीही हसली, ओठांपुरतं.

तिनं त्यांच्या उजव्या मांडीवरचा रुंद पट्टा आणखी घट्ट केला, हवेच्या पंपाची नळी जोडली आणि घोट्याजवळ यंत्राची कांडी टेकवली. खोलीत रक्ताचा आवाज घुमू लागला. सप्प, सप्प, सप्प. ती पंप दाबत गेली तसा आवाज बारीक झाला.

“दर वेळी हे कान लावून ऐकायचं नाटक कशाला?”

“माणूस बदलला की दाबाचा आकडा बदलतो. पट्टा बदलला तरी बदलतो. रुंद पट्ट्यानं कमी दाबातच रक्त अडतं, अरुंदाला जास्त दाब लागतो. आणि पूर्ण अडवायचं नसतंच. थोडं अडवलं की हलकं वजनही स्नायूला डोंगराएवढं वाटतं.”

“म्हणजे स्नायूला गंडवायचं म्हणा की!”

“गंडवायचं,” थोरली म्हणाली.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सरांना जड वजन उचलायला बंदी होती, म्हणून हा पट्ट्याचा व्यायाम. मैदानावर सगळे त्यांना हंटरसर म्हणत. हातात हंटर कधी नव्हता, जिभेतच होता. दवाखान्यात ते येत, विनोद करत, पाय उचलत, जात. हा पेशंट थोरलीनं मोठ्या डॉक्टरांकडून मागून घेतला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती कुणाची बहीण आहे, हेही नव्हतं.

आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. थोरलीनंच तिची वेणी घातली, तिच्या तापात उशाशी बसली, शर्यतीचे पहिले बूट आणले. पुढे धाकटी वाऱ्यासारखी पळू लागली आणि थोरली परगावी फिजिओथेरपी शिकायला गेली. सुट्टीत घरी आली की कॉलेजातून मागून आणलेला अरुंद पट्टा आधी धाकटीच्या मांडीवर चढायचा आणि तिचा आकडा मोजला जायचा. “गप पड गं, माझी पहिली पेशंट आहेस,” थोरली दटावायची. धाकटी गुदगुल्यांनी लोळायची.

आणि मग ती दुपार. हंटरसरांची व्यायामशाळा, धाकटीच्या मांडीवर तिथला रुंद पट्टा, आणि सर फोन घेऊन बाहेर. बोलत राहिले, बोलत राहिले. परत आले तोवर पायातली नस दबून गेली होती. त्या पायाचं पाऊल पुन्हा वर उचललं गेलं नाही.

चौकशीत सरांनी मान खाली घातली. “गोळाफेकवाल्या मुलाचा आकडा होता. मी तोच हिला लावला,” म्हणाले. थोडे दिवस बंदी आली. उठली. गळ्यात पुन्हा शिट्टी.

थोरलीच्या तळपायाची आग तेव्हा जी मस्तकात गेली, ती उतरलीच नाही. धाकटी मात्र सरांविरुद्ध अवाक्षर काढत नसे. विषय निघाला की उठून जाई. पोरीच्या मनातली भीती अजून गेली नाही, असं म्हणून थोरली दातओठ खाई.

आज सर शेवटचेच पेशंट होते. बाहेरची मुलगी टेबल आवरून घरी गेली होती.

थोरली पंप दाबत राहिली. आवाज थांबला. तरी ती दाबत राहिली.

“उचला पाय.”

त्यांनी उचलला. पुन्हा उचलला. कपाळावर घाम फुटला.

“डॉक्टर, बधिर होतंय हो.”

“कळ सोसेल तोच पळेल. तुम्हीच शिकवता ना पोरांना?”

सरांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग थोरलीनं धाकटीशी आपलं नातं सांगितलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं, एका वाक्यात.

त्यांचं हसू विझलं. हात पट्ट्याकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि छातीवर परत आला.

“कशी आहे ती?”

“जिना चढताना कठडा धरते.”

“मी बाहेर जायला नको होतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“लाज नाही वाटत? सोडा म्हणा ना! एकदा तरी हात जोडा!”

याच क्षणासाठी तर ती जगत आली होती. पण सरांनी डोळे मिटून घेतले.

“राहू दे पट्टा. तुझं मन निवेपर्यंत राहू दे.”

पाय पांढरा पडत चालला. थोरलीचा हात पंपावर घट्ट होता. पाझर फुटेल तर शपथ.

बाहेर पावलं वाजली. एक टेकणारं, एक घासत येणारं. धाकटी रोजच्यासारखी ताईला घ्यायला आली होती.

“ये,” थोरली म्हणाली. “बघ, तुझ्यासाठी कुणाला झोपवून ठेवलंय.”

धाकटीनं माणूस पाहिला. मग पंपावरचा काटा पाहिला. लंगडत, टेबलाला धडकत ती धावली आणि तिनं नळीच उपटून काढली. हवा फुस्सकन सुटली.

“ताई, वेडी झालीस का तू?”

“मी? यानं तुझा पाय नेला गं!”

“पोरी, नको,” सर कोपरावर उठत घाईनं म्हणाले. “मी शब्द दिलाय तुला.”

“पुरे झालं, सर. किती दिवस बोलणी खाणार?” धाकटी थोरलीकडे वळली. “सर बाहेर गेले तेव्हा पट्ट्यात हवाच नव्हती, ताई. पंप मी भरला. तू घरी त्या अरुंद पट्ट्यावर मोजून दिलेल्या आकड्यापर्यंत.”