बिनआवाजाची डिस्क

"रविवारी भंगारवाला येतोय. तोवर ह्याची घरघर थांबली नाही, तर हे धूड त्याच्या हवाली!" मी ह्यांना बजावलं. कंपनी बंद पडली तेव्हा ह्यांनी आपलं जुनं वर्कस्टेशन, म्हणजे ऑफिसचा अवजड कॉम्प्युटर, घरी उचलून आणलं होतं. दुपारी दार लावून हे त्यावर 'महत्त्वाचं काम' करायला बसले, की घरघरीने बाहेर माझा डोळा लागत नसे.

"हार्ड डिस्क म्हातारी झालीय गं," म्हणत ह्यांनी नवी, बिनआवाजाची मागवली. ती जुन्या मशीनला जुळेना. मग कुठूनसा अ‍ॅडॅप्टर मिळवला, स्क्रू तोंडात धरून दिवसभर खटपट केली आणि स्क्रीन उजळल्यावर पोरासारखे नाचले.

रविवारी जेवण झालं, दार लागलं आणि थोड्याच वेळात पुन्हा तीच घरघर! मी तणतणत आत शिरले. मशीन अगदी गप्प होतं. हे खुर्चीत मान मागे टाकून घोरत होते.

खाली भंगारवाला आलाच होता.

"मशीन राहू दे बाबा," मी म्हटलं. "घरघरणारा माल वेगळाच निघाला, आणि तो तू फुकटही नेणार नाहीस."